आजीच्या पानशेतच्या आठवणी रेकॉर्ड करायच्यात? असं करा

१९१५ च्या नरसंहारातून वाचून देशोदेशी विखुरलेल्या आर्मेनियन लोकांचे आवाज पुढच्या पिढ्यांनी टेप करून ठेवले, आणि आपल्या पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पूर आला तो धड आठवणारे आता ७५ च्या आसपास किंवा पुढे आहेत, तेव्हा प्लीज दिवाळीच्या सुट्टीची वाट बघू नका.

पंखा बंद, मोबाईल एरोप्लेन मोडवर, आजीच्या जवळ ठेवा. आधी तिचं नाव, जन्मसाल, आजची तारीख बोलून घ्या. "पूर कसा होता?" विचारलं की पेपरात आलेलंच ऐकू येतं, त्यापेक्षा "त्या सकाळी स्टोव्हवर काय होतं, घरातून काय उचललंस, रात्री कुणाकडे झोपलात?" असं विचारा आणि मग गप्प बसा, खरंच गप्प, ती थांबली तरी, कारण बरेचदा त्या शांततेनंतरच खरं बाहेर येतं. नारायण पेठेतल्या जुन्या वाड्याचा नकाशा तिलाच काढायला लावा, कोण कुठल्या खोलीत राहायचं ते आपोआप निघतं. तारखा चुकल्या तर टोकू नका, नंतर वहीत लिहा. भरून आलं तर थांबवा, पुढचं उद्या. फाईल दोन ठिकाणी कॉपी करा आणि फॅमिली ग्रुपवर टाकायच्या आधी तिला विचारा.