जर्मनीतले गडकोट बघायचेत? मग हार्बुर्गची गाडी पकडा

आई-बाबा भारतातून आले की पहिला प्रश्न ठरलेला, तो कॅलेंडरवरचा पांढरा किल्ला कधी दाखवतोस? नॉयश्वानस्टाइन. दाखवा की, जागा सुंदरच आहे. पण तो किल्ला नाहीये हो. १८६९ मध्ये बांधायला घेतलाय तो, म्हणजे आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू होऊन १६ वर्षं झाली होती, आणि बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा याला जुन्या काळाची हौस म्हणून ते बुरूज उभे राहिले, कुणाला तोंड द्यायला नाही. गंमत म्हणजे जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या ज्या अधिवेशनात आपले १२ किल्ले जागतिक वारशात गेले, त्याच अधिवेशनात हाही गेला. असो. ज्याने राजगडाची संजीवनी माची पालथी घातलीय त्याचं तिथे पोट भरत नाही एवढंच सांगतो.

खरे गडकोट बघायचे तर आधी एक शब्द डोक्यात ठेवा. बुर्ग म्हणजे लढायचा किल्ला आणि श्लॉस म्हणजे बहुतेक वेळा राहायचा राजवाडा. अपवाद भरपूर आहेत, पण प्लॅन करताना एवढं पुरतं. आणि दुसरं, नुसता डोंगरावरचा किल्ला बघून परत येऊ नका, इथली खरी मजा तटबंदीच्या गावांत आहे, अख्खं गावच कोटाच्या आत, आणि आत लोक अजून राहतायत, वाण्याचं दुकान आहे, शाळा आहे, वरच्या खिडकीत गादी वाळत घातलीय.

आमचा ठरलेला रूट असा: म्युनिक किंवा आउग्सबुर्गकडून डोनाउव्यॉर्ट, तिथे गाडी बदलायची आणि छोट्या लोकल गाडीने हार्बुर्ग, मग त्याच लाईनवर पुढे न्यॉर्डलिंगेन, मग बसने डिंकेल्सब्यूल आणि शेवटी रोटेनबुर्ग. तीन दिवस द्या, दोन दिवसांत होतं पण धावपळ होते. तिकिटाचं म्हणाल तर तुम्ही इथे राहत असाल तर डॉइचलांड तिकीट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, असेलच, मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, नंतर वाढत गेलं, तरी परवडतं. पाहुण्यांसाठी मात्र बायर्न, म्हणजे बव्हेरिया राज्याचं, तिकीट काढा, एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच चालतं आणि तिकिटावर सगळ्यांची नावं लिहायची असतात, ती पेनाने आधीच लिहून ठेवा, टीसी समोर उभा राहिल्यावर पेन शोधू नका. दोन्ही तिकिटं साध्या रिजनल गाड्यांनाच, आयसीईत, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत, चुकूनही बसायचं नाही.

स्टेशनचं नाव टाकताना सांभाळून. माझ्या एका मित्राने ॲपमध्ये नुसतं हार्बुर्ग टाकलं आणि ॲपने त्याला थेट हॅम्बुर्गचं हार्बुर्ग दाखवलं, पार उत्तरेला, आणि हा मला फोन करून विचारतोय की अरे एवढा लांब आहे का रे तुझा किल्ला? कंसात श्वाबेन लिहिलेलं हार्बुर्ग आपलं. तसंच रोटेनबुर्ग नावाची गावंही बरीच आहेत, आपल्याला हवं ते टाउबर नदीवरचं.

हार्बुर्गचा किल्ला व्यॉर्निट्झ नदीच्या काठी टेकाडावर बसलाय, खालून पुलावरून बघितला की एकदम घरचा वाटतो. स्टेशनवरून चालत जाता येतं, शेवटचा चढ दम काढतो पण सिंहगड चढलेल्या माणसाला काहीच नाही. इथे अंगण मोकळं फिरून बघता येतं पण तटावरची फांजी, म्हणजे पहाऱ्याची चालायची वाट, आणि आतल्या खोल्या बघायच्या तर गाइडबरोबरच जावं लागतं. हिवाळ्यात बंद असतो, म्हणून निघायच्या आधी वेळा बघा, हा नियम सगळ्याच किल्ल्यांना, आणि गावांतल्या म्युझियमना बऱ्याच ठिकाणी सोमवारी सुट्टी.

बाबांना घेऊन गेलो होतो तेव्हा ते गाइडच्या मागे राहून भिंतीतल्या एका भोकापाशीच अडकले. जंगीच ही (बंदूक रोखायचं भोक), म्हणाले, पण हे आडवं लाकूड कशाला? दगडात उभी फट, खाली गोल भोक आणि आत हाताच्या उंचीवर एक जाड लाकूड आडवं बसवलेलं. तर त्या काळातल्या जड बंदुकीला खालून एक आकडा असायचा, तो या लाकडात अडकवून बार काढायचा म्हणजे धक्का खांद्याला न बसता लाकडाला बसतो. आपल्या जंग्या खाली उतरत्या असतात कारण शत्रू डोंगर चढून येतो, त्या तुलनेत सपाटीवरच्या गावकोटांच्या बऱ्याच सरळ समोर बघतात. अशी भोकं बघत चाला, नाहीतर तीन दिवस नुसत्या भिंतीच बघितल्यासारखं होतं.

आता न्यॉर्डलिंगेन. माझं सगळ्यात आवडतं. गाव जवळपास गोल आहे, आणि ते बसलंय एका उल्केच्या खड्ड्यात, साधारण दीड कोटी वर्षांपूर्वी इथे उल्का आदळली. आपल्या लोणारसारखंच, फक्त हा खड्डा इतका प्रचंड, २० किलोमीटरहून जास्त रुंद, की आत उभं राहून कळतच नाही. १९७० मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर दगड ओळखायचं शिकायला इथे आले होते. आणि या गावाची तटबंदी अख्खी, वरून छप्पर असलेली, साधारण २.७ किलोमीटर, कुठेही न उतरता पूर्ण फेरी मारता येते, जर्मनीत अशी ही एकच. फुकट आहे, तिकीट नाही. पाच वेशींपैकी कुठल्याही वेशीपाशी जिना शोधा आणि वर चढा. एका बाजूला जंग्या, दुसऱ्या बाजूला लोकांची परसं, कुणाचे टोमॅटो, कुणाची सायकल. डोकं सांभाळा, तुळया खाली आहेत, बाबांनी दोनदा आपटून घेतलं. बाबागाडी नेऊ नका, जिने अरुंद आहेत, बाळाला पाठीवर घ्या.

मग चर्चचा मनोरा चढा, त्याला डानिएल म्हणतात, उंची जवळजवळ ९० मीटर आणि ३५० पायऱ्या. वरून गोल तटाची रेघ स्पष्ट दिसते. पण खरी गोष्ट रात्रीची. १० ते १२ दर अर्ध्या तासाने मनोऱ्यावरचा राखणदार खाली ओरडतो, झो ग्झेल झो, अर्थ साधारण ‘असं रे गड्या, असं’. दंतकथा अशी की १४४० मध्ये शेजारच्या ओएटिंगेनच्या सरदाराने पहारेकऱ्यांना पैसे चारून रात्री वेस उघडी ठेवायला लावली, तर एक डुकरीण त्या दाराला अंग घासत होती म्हणून दार हललं आणि एका बाईच्या लक्षात आलं, ती हे ओरडली आणि गाव वाचलं. आपल्याकडे हिरकणी, त्यांच्याकडे डुकरीण. त्यासाठी इथे एक रात्र राहाच.

डिंकेल्सब्यूलला लवकर उरकता येतं, अर्धा दिवस बास. तट आणि चारही वेशी शाबूत, युद्धातही गाव वाचलं, आणि १८२६ मध्ये राजा लुडविग पहिला याने तट पाडायला मनाई केली म्हणून आज आपल्याला दिसतोय. इथे तटाच्या बाहेरून फेरी मारा, खंदकाच्या कडेने, संध्याकाळी. रविवारी बस फार कमी असतात, परतीची वेळ आधी बघा मगच कॉफी मागवा.

पुढे बसने डोंब्यूल किंवा आन्सबाख, तिथून गाडीने श्टाइनाख आणि श्टाइनाखहून छोट्या गाडीने १५ मिनिटांत रोटेनबुर्ग. इथे दुपारी जत्रा असते, बसच्या बस येतात, पण पाच वाजले की ओसरते. म्हणून मुक्काम इथेही आणि तटावर सकाळी सातला चढायचं. पूर्वेकडच्या भागात भिंतीत दगडी पाट्या दिसतील, देणगीदारांची नावं, बरीच जपानी. ३१ मार्च १९४५ ला बॉम्ब पडून जुन्या गावाचा ४० टक्क्यांच्या आसपास भाग गेला होता, तट परत बांधायला जगभरातून पैसे आले त्याच्या या पाट्या. म्हणजे जे जुनं दिसतंय ते सगळंच जुनं नाहीये, हे माहीत असलेलं बरं.

पश्चिमेला बुर्गटोर बघा. मोठ्या दारात एक छोटं दार, आपला दिंडी दरवाजाच, रात्री वेस बंद झाली की एकेकट्याने वाकून त्यातूनच यायचं. वर दगडी चेहरा आहे, त्याच्या तोंडातून खालच्या माणसांवर उकळतं ओतायची सोय. आत बाग आहे तिथे पूर्वी किल्ला होता, १३५६ च्या भूकंपात पडला. दक्षिणेकडचा श्पिटालबास्टाय तर नक्की, आठाच्या आकड्यासारखा बुरूज, शत्रू आत शिरला तरी वळणावळणात, एकामागून एक दारांत अडकणार. रायगडाचा महादरवाजा आठवला बाबांना, गोमुखी बांधणी, तसाच विचार. रात्री ८ ला चौकातून राखणदाराच्या वेशातला माणूस इंग्रजीत फेरी काढतो, पैसे शेवटी रोख द्यायचे.

खाण्याचं. शाकाहारी असाल तर केझश्पेट्झले मागा, चीज घातलेल्या शेवयांसारखं जाड काहीतरी, पोट भरतं. बटाट्याचं सूप मागवताना ‘ओने श्पेक’ म्हणा, नाहीतर त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे येतात. माउलटाशेन, म्हणजे सारण भरलेला पास्ता, शाकाहारी समजून घेऊ नका, आत बहुधा मांस असतं. रोटेनबुर्गचा श्नेबाल, तळलेल्या पिठाचा गोड गोळा, दिसायला भारी, खायला कोरडा, एक घेऊन चौघांत फोडा. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच पाणी, फळं घेऊन ठेवा. आम्ही मेथीचे ठेपले नेतो. टॉयलेटसाठी खिशात ५० सेंट आणि १ युरोची नाणी ठेवा, हे सगळ्यात महत्त्वाचं.

आणि डोंगरी किल्ल्याची तहान राहिलीच तर वेगळा वीकेंड काढून कोब्लेंझकडे जा, तिथे बायर्न तिकीट चालणार नाही. ऱ्हाइनवर ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग, मधल्या ऱ्हाइनवरच्या डोंगरी किल्ल्यांत कधीच उद्ध्वस्त न झालेला एकमेव, आत शिरताना खडकात कोरलेला घोड्यांचा चढ आहे त्यावर बुटाची ग्रिप नसेल तर घसरता. आणि मोझेल नदीकडे बुर्ग एल्ट्झ, ८५० हून जास्त वर्षं एकाच घराण्याकडे. तिथे कारने पार्किंगपर्यंत जाऊ नका, मोझेलकेर्न स्टेशनला उतरून ओढ्याच्या कडेकडेने रानातून तासा-दीड तासाची वाट आहे ती चाला, शेवटच्या वळणापर्यंत किल्ला दिसतच नाही आणि मग एकदम डोक्यावर उभा. आत फोटो काढू देत नाहीत, मोबाईल खिशात ठेवा. आणि परतीची वाट तीच आहे, उजेड असताना निघा.