कॅम्परव्हॅनमधून नेट हवंय? मग या चुका टाळा

कॅम्परव्हॅन करून घेणाऱ्यांची यादी ठरलेली असते. गादी, शेगडी, पाण्याची टाकी, सोलर, जमलं तर एसी. नेटचा विषय सगळ्यात शेवटी निघतो आणि ‘हॉटस्पॉट आहे की’ एवढ्यावर संपतो. शनिवार-रविवार पवनेच्या काठी जाऊन परत यायचं असेल तर तेवढं पुरतंही. पण हिंजवडीचं काम लॅपटॉपमध्ये घेऊन निघायचं असेल आणि सोमवारी सकाळची मीटिंग भंडारदऱ्याहून किंवा आंजर्ल्याहून करायची असेल, तर विषय वेगळा होतो. मग लोक घाईत महागडा राउटर मागवतात आणि इथूनच चुका सुरू होतात.

गाडीच रेंज अडवते, हे लक्षात न घेणं

आपल्याकडच्या बऱ्याच कॅम्परव्हॅन फोर्स ट्रॅव्हलरवर किंवा तशाच पत्र्याच्या गाड्यांवर बांधलेल्या असतात. आतून प्लायवूड, फोम आणि गालिचा लागला की गाडी घरासारखी दिसते, पण मोबाइलच्या लहरींसाठी ती पत्र्याची पेटीच असते. लहरी येतात त्या खिडक्यांतून. उन्हासाठी खिडक्यांना चंदेरी शीट लावलं की तीही वाट बंद.

दोन मिनिटांत तपासता येतं. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस असं गेलं की सिग्नल स्ट्रेंग्थ आकड्यात दिसते (काही फोनमध्ये वाट थोडी वेगळी असते). आकडा डेसिबलच्या मापात आणि उणे असतो. उणे ८५ चांगला, उणे १०० चालेल असा, उणे ११५ च्या खाली गेलात की मीटिंग विसरा. आधी गाडीबाहेर उभं राहून बघा, मग दार-खिडक्या लावून आत बसून बघा. दहा-पंधरा डेसिबलचा फरक सहज पडतो, आणि तीन डेसिबल गेले की ताकद निम्मी झाली, हा हिशोब ध्यानात ठेवा. बाहेर उणे १०० आणि आत उणे ११५ असेल तर दोष ना कंपनीचा ना राउटरचा. अँटेना टपावर न्या, एवढंच त्याचं उत्तर. ज्यांच्या गाडीची बॉडी फायबरची आहे त्यांना हा त्रास बराच कमी होतो.

अँटेना चांगली, केबल भिकार

चार हजारांची अँटेना आणायची आणि टपापासून मागच्या कपाटापर्यंत हाताला लागेल ती दहा मीटर बारीक केबल ओढायची, हा प्रकार सर्रास दिसतो. तशा केबलमध्ये १८०० मेगाहर्ट्झला सात-आठ डेसिबल वाटेतच जिरतात, म्हणजे टपावर मिळालेलं बरंचसं राउटरपर्यंत पोचतच नाही. राउटर अँटेनाच्या जवळ, छताला लागून बसवा आणि केबल दोन-तीन मीटरच ठेवा. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाणार असाल तर केबलचा प्रकार कागदावर लिहून न्या, नाहीतर टीव्हीची केबल घेऊन घरी याल. तिचा ओम वेगळा, कनेक्टर वेगळा.

४जी राउटरला अँटेनाची दोन टोकं लागतात. एकच जोडून दुसरं रिकामं सोडलं की वेग पडतो आणि कारण सापडत नाही. शिवाय चुंबकी बुडाची अँटेना लोखंडी पत्र्यालाच धरते, ॲल्युमिनियमला नाही. टपाला भोक पाडायचं असेल तर मे महिन्याआधी पाडा आणि सीलंटवर एक-दोन पाऊस पडू द्या. पहिलाच मोठा पाऊस ताम्हिणीत अंगावर घेऊ नका.

काड्या भरल्या म्हणजे नेट आलं, असं समजणं

जोडून सुट्टी आली की लोणावळ्यात किंवा महाबळेश्वरात फोनवर सगळ्या काड्या भरलेल्या असतात आणि साधा फोटो जात नाही. टॉवर जवळ आहे, पण त्याच्यावर हजारो लोक लटकलेत. पालखी सासवडला मुक्कामी असते तेव्हाही हेच होतं. अशा वेळी अँटेना कितीही उंच न्या, गर्दी कमी होत नाही. पहाटे काम उरका, नाहीतर गाव सोडून आठ-दहा किलोमीटर पुढे मुक्काम करा.

दोन सिम, पण मनोरा एकच

‘माझ्याकडे दोन कंपन्यांची सिम आहेत’ हे उत्तर पुरेसं नाही. कोणत्या दोन, ते महत्त्वाचं. एअरटेल आणि व्ही (व्होडाफोन आयडिया) या दोघांच्या अनेक अँटेना इंडस टॉवर्सच्या एकाच मनोऱ्यावर असतात. गावात चार तास वीज गेली आणि मनोऱ्याच्या बॅटऱ्या बसल्या की दोन्ही सिम एकदम मरतात. पावसाळ्यात कोकणात हे नेहमीचं आहे. त्यापेक्षा त्यातलं एक आणि दुसरं जिओचं, अशी जोडी जास्त कामाची.

आणि बीएसएनएलला हसू नका. २०२५ मध्ये त्यांचं ४जी देशभर सुरू झालं. वेगाची फार अपेक्षा ठेवू नये, पण तिसरं सिम म्हणून ते ड्रॉवरमध्ये असावं असं माझं मत. घाटमाथ्याच्या आतल्या गावांत पहिली विचारणा दुकानदाराकडे करावी: ‘काका, इथं कुठलं कार्ड चालतं?’ कव्हरेजचे नकाशे कंपन्यांच्या संकेतस्थळावर असतात आणि निघण्याआधी ते बघावेतच. फक्त दरीत, कड्याच्या आडोशाला काय होतं ते नकाशापेक्षा काकांना जास्त ठाऊक असतं.

बँकेचं सिम राउटरमध्ये घालणं

ही चूक फार महागात पडते. बँकेशी, आधारशी जोडलेलं सिम राउटरमध्ये गेलं की ओटीपी राउटरच्या पोटात जाऊन बसतो. काही राउटरच्या पानावर एसएमएस वाचता येतात, बऱ्याच ठिकाणी नाही. पेट्रोल पंपावर मागे रांग लागलेली असताना सिम काढायची पिन शोधत बसायची वेळ येते. राउटरसाठी वेगळं सिम घ्या, आणि त्याच्या रिचार्जची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा, कारण रिचार्ज संपल्याचा मेसेजही राउटरलाच येतो.

‘अनलिमिटेड ५जी’ वर विसंबणं

पुण्यात असेपर्यंत ठीक. चांदणी चौक सोडून पिरंगुटच्या पुढे, मुळशीकडे सरकलात की फोन ४जीवर येतो आणि रोजच्या दोन जीबीचा मीटर सुरू होतो. व्हिडिओ मीटिंगला तासाला साधारण एक जीबी जातो. दुपारपर्यंत कोटा संपतो आणि वेग ६४ केबीपीएसवर येतो. मग मेल उघडायलाही मिनिट लागतं आणि आपण टॉवरला शिव्या घालतो. राउटरसाठी रोजच्या कोट्याऐवजी एकरकमी डेटाचा किंवा पोस्टपेड प्लॅन बघा. लॅपटॉपमधलं वायफाय ‘मीटर्ड’ करून ठेवा, म्हणजे विंडोजचे अपडेट गपचूप डेटा खाणार नाहीत.

५जीच्या कडेला फोन सारखा ४जी-५जी असा उड्या मारतो आणि कॉल तुटतो. तिथे सरळ ४जीवर लॉक करा.

अमेरिकेहून राउटर, किंवा बूस्टर

भाचा अमेरिकेहून येतोय म्हणून तिकडचा मोटरहोमचा राउटर मागवणारे बरेच आहेत. तिकडचं ४जी प्रामुख्याने २, ४, १२, १३, ६६, ७१ या बँडवर, म्हणजे लहरींच्या ठरलेल्या पट्ट्यांवर चालतं, तर आपल्याकडे १, ३, ५, ८, २८, ४०, ४१ हे बँड लागतात. यंत्र सुरू होतं, दिवे लागतात, पण जिथं गरज आहे नेमकं तिथं नेट येत नाही. घेण्याआधी खोक्यावरचे बँड वाचा. ३, ५, ८ आणि ४० तरी हवेतच.

सिग्नल बूस्टर, म्हणजे रेंज वाढवणारं यंत्र, याबद्दल मी कडक आहे. ऑनलाइन दीड-दोन हजारांत मिळतात, विकणारा ‘सगळे लावतात’ म्हणतो. परवान्याशिवाय मोबाइल बूस्टर जवळ बाळगणं आणि वापरणं बेकायदा आहे, आणि त्याने आसपासच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडतं. टपावरची साधी अँटेना बूस्टर नव्हे, ती खुशाल लावा.

उपग्रहाचंही तसंच. उपग्रहावरून नेट देणाऱ्या स्टारलिंकला २०२५ मध्ये भारतात परवाना मिळाला, पण म्हणून परदेशात घेतलेला संच इथे आणून टपावर ठेवता येत नाही. परदेशी सॅटेलाइट फोन आणि ट्रेकिंगची सॅटेलाइट मेसेंजर यंत्रं तर विमानतळावरच अडकवतात. घरी बसवून मिळणारं एअरफायबर (वायरशिवायचं घरगुती नेट) त्या पत्त्यासाठी असतं, ते उचलून गाडीत नेण्याचा विचारही करू नका.

लडाखला निघाला असाल तर इथलं प्रीपेड सिम तिथे आणि जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. निघण्याआधी एक पोस्टपेड करून घ्या.

बारा व्होल्ट म्हणजे बारा व्होल्ट नव्हे

राउटरवर ‘१२ व्होल्ट’ लिहिलंय म्हणून तो थेट गाडीच्या बॅटरीला जोडतात. गाडी चालू असताना तीच लाइन १४.४ व्होल्टपर्यंत जाते आणि स्टार्टर मारताना दहाच्याही खाली येते. त्यामुळे गाडी सुरू केली की राउटर रीस्टार्ट होतो, आणि काही महिन्यांनी जळतो. गाडीसाठीच्या राउटरवर ९ ते ३० व्होल्ट असा पल्ला लिहिलेला असतो. तसा नसेल तर मध्ये व्होल्ट स्थिर ठेवणारा चांगला डीसी कन्व्हर्टर टाका. एवढ्याशा यंत्रासाठी रात्रभर इन्व्हर्टर चालू ठेवू नका, राउटरपेक्षा तोच जास्त बॅटरी खातो. आणि एप्रिल-मेमध्ये राउटर किंवा हॉटस्पॉटचा फोन डॅशबोर्डवर ठेवलात तर तो तापून स्वतःच बंद पडेल.

नेट गेलं की सगळंच उचकटणं

आधी फोन घेऊन बाहेर या. बाहेरही रेंज नसेल तर केबल, सेटिंग कशालाच हात लावू नका, जागा बदला. डोंगराची सोंड आडवी असेल तर शंभर मीटर सरकून फरक पडतो. धरणाच्या काठावर समोर पाण्यापलीकडे गाव दिसत असेल तर ती बाजू धरा, कारण मध्ये अडवायला काही नसतं. बाहेर रेंज आहे आणि राउटरला नाही, तर केबलचे कनेक्टर हाताने आवळा. घाटातल्या हादऱ्यांनी तेच आधी सैल होतात. राउटरला रेंज आहे पण नेट नाही, तर रिचार्ज बघा, मग एपीएन (सिमला कंपनीच्या नेटशी जोडणारं सेटिंग): जिओला ‘जिओनेट’, बीएसएनएलला ‘बीएसएनएलनेट’, अर्थात इंग्रजी अक्षरांत. सिम बदललं आणि एपीएन जुनाच राहिला, असं फार होतं.

वीजच गेलेली असेल तर यातलं काही उपयोगाचं नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात कित्येक दिवस फोन लागत नव्हते. एरवीच्या पावसातही रात्रभर वीज नसेल तर सकाळी मनोरे गप्प असतात. दिवेआगर-हरिहरेश्वरला मुक्काम असेल आणि दहाची मीटिंग चुकवून चालणार नसेल, तर सातलाच रेंज बघा आणि नसेल तर गाडी काढून माणगाव गाठा. महामार्गावरच्या पंपाला विचारून कडेला लावली तर कोणी सहसा नाही म्हणत नाही. खिशात थोडी रोख ठेवा, कारण वाटेतल्या टपरीवर यूपीआयही बंदच असणार.