ब्रेस्ट कॅन्सरच्या उपचारांमध्येच देश बदलायचा असेल तर

औषधं बहुतेक देशांत तीच असतात. बदलतं ते वेळापत्रक, आणि खर्च कोण उचलतो ते. ब्रिटनमध्ये रेडिएशन अनेकदा ५ बैठकांत २६ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं एकक) असं उरकतं. इतरत्र १५ बैठकांत ४० ग्रे किंवा जुन्या पद्धतीने २५ बैठकांत ५० ग्रे देतात. ५ बैठका म्हणजे उपचारांत काटकसर नव्हे, दर बैठकीचा डोस मोठा असतो. म्हणून अर्धं इथे, अर्धं तिथे नको. जिथे सुरू केलं तिथेच संपवा.

निघण्याआधी पॅथॉलॉजी विभागाकडे लेखी अर्ज करून गाठीचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा नमुना, मागा. नुसत्या रिपोर्टवर भागत नाही, कारण नवं हॉस्पिटल ईआर, पीआर (गाठीच्या पेशींवरचे हार्मोन रिसेप्टर) आणि हर-२ (पेशींवरचं एक प्रथिन) पुन्हा तपासू शकतं. हर-२ समोर '२+' असेल तर फिश चाचणीचा (हर-२ च्या जनुकाची तपासणी) निकाल जोडलाय ना, ते बघा. '२+' हा निकाल अधांतरीच असतो. ब्लॉक मेणाचा असतो, उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका.

केमोच्या कागदावर 'चार सायकल झाल्या' एवढंच नको. औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव, तारीख आणि मिलिग्रॅम हवेत. डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाने हृदयाला इजा होऊ शकते, म्हणून त्याची मात्रा आयुष्यभर मोजली जाते. ट्रास्टुझुमॅब (हर-२ वरचं औषध) चालू असेल तर ताजा इकोही (हृदयाची सोनोग्राफी) घ्या. ट्रास्टुझुमॅबचा डोस आठवड्याहून जास्त लांबला, तर पुन्हा सुरुवातीचा मोठा डोस द्यावा लागू शकतो. विम्याची मंजुरी नेमकी इथेच वेळ खाते, त्यामुळे ती तिकिटाआधी मिळवा.