सेंद्रिय गहू-ज्वारीचा भाव पेरणीपूर्वी कसा मांडावा

बाजार समितीच्या फलकावर गहू, ज्वारी, बाजरी यांचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर रोज लागतो. पण त्यात सेंद्रिय धान्यासाठी वेगळी ओळ नसते. मोंढ्यात सेंद्रिय गव्हाचा ढीग इतर गव्हाच्या शेजारीच लागतो आणि दाण्याची चमक, ओलावा व माती पाहून त्याच भावात उचलला जातो. हमीभावातही हा फरक केलेला नाही. २०२५-२६ च्या खरिपासाठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव ३,७४९ रुपये, बाजरीचा २,७७५ आणि नाचणीचा ४,८८६ रुपये क्विंटल आहे, तर २०२६-२७ च्या रब्बी पणन हंगामासाठी गव्हाचा २,५८५ रुपये आहे. शेतात युरिया पडला की शेणखत, याच्याशी या आकड्यांना कर्तव्य नाही. त्यामुळे सेंद्रिय गव्हाला सध्या काय भाव आहे, या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर मिळत नाही. तो भाव उत्पादकालाच मांडावा लागतो, आणि पेरणीपूर्वी मांडला तरच तो हाती लागतो.

भावाची वही

पहिले काम म्हणजे एक साधी वही घालणे. दर आठवड्याला एकाच वारी तिच्यात तीन आकडे लिहावेत. पहिला, आपल्या जवळच्या भुसार बाजारातील त्या धान्याचा सर्वसाधारण दर. तो राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतो. कमाल दर लिहू नये, कारण तो अनेकदा दोन-चार कट्ट्यांपुरताच असतो. दुसरा, पुण्या-मुंबईतील दोन-तीन सेंद्रिय दुकानांत त्याच जातीच्या धान्याची किलोची किंमत. तिसरा, आपल्या भागात खळ्यावर येऊन सेंद्रिय माल उचलणाऱ्याने प्रत्यक्ष देऊ केलेला भाव. तुलना करताना मार्चचा भाव ऑक्टोबरशी न लावता मागील वर्षाच्या मार्चशी लावावी. नाहीतर सुगीतली आवक वाढल्याने उतरलेला भाव मंदी वाटतो आणि दिवाळीपूर्वीची नेहमीची चढ तेजी वाटते.

अशी वही दोन-तीन वर्षे ठेवली की एक गोष्ट स्पष्ट दिसू लागते: सेंद्रिय धान्याचा जादा भाव साध्या धान्याच्या भावाबरोबर त्याच प्रमाणात वाढत नाही. २०२३ मध्ये ज्वारी महागली तेव्हा मोंढ्यातला भाव झपाट्याने वर गेला, पण शहरातल्या ग्राहकाची खर्च करण्याची तयारी तेवढ्या वेगाने वाढली नाही, आणि दोन्हींतले अंतर आक्रसले. म्हणून करार करताना जादा भाव केवळ टक्क्यांत किंवा केवळ ठोक रकमेत न मागता, बाजारातील सर्वसाधारण दर अधिक ठरलेली रक्कम, आणि त्याखाली एक किमान भाव, अशी दुहेरी मांडणी करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

किती जादा भाव परवडतो?

बाजारात काय मिळते हे पाहण्याआधी आपल्याला किती हवे, हे काढावे. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी गृहीत धरले आहेत. प्रत्येकाने तेथे स्वतःचे आकडे घालावेत. समजा, रासायनिक पद्धतीने एकरी १४ क्विंटल गहू होतो, भाव २,६०० रुपये आहे आणि खर्च १९,००० रुपये. म्हणजे ३६,४०० रुपयांतून १७,४०० रुपये उरतात. सेंद्रिय पद्धतीत उत्पादन ११ क्विंटल आले आणि खुरपणीच्या वाढीव मजुरीसह व प्रमाणीकरणाच्या वाट्यासह खर्च १८,५०० रुपये झाला, तर तेवढेच १७,४०० रुपये उरण्यासाठी ३५,९०० रुपयांची विक्री व्हावी लागते. ११ क्विंटलने भागल्यास भाव येतो सुमारे ३,२६४ रुपये, म्हणजे साध्या गव्हापेक्षा २५ टक्क्यांहून थोडा अधिक. आता जमीन सुधारून उत्पादन १२.६ क्विंटलवर गेले असे धरा. हवा असलेला भाव लगेच २,८४९ रुपयांवर येतो आणि जादा भावाची गरज दहा टक्क्यांच्याही आत राहते. जादा भावासाठी व्यापाऱ्याशी घासाघीस करण्यात जो वेळ जातो, त्यातला बराचसा वेळ हिरवळीच्या खतावर आणि तणनियोजनावर घालवला तर तो अधिक फळतो, हे या गणितातून उघड होते.

रब्बी ज्वारीचा हिशेब दाण्यावर थांबत नाही. कडबा शेकड्याच्या भावाने विकला जातो, आणि दुष्काळी वर्षात तोच पिकाला तारतो. ज्याच्या दावणीला जनावरे आहेत त्याने घरी वापरलेला कडबाही बाजारभावाने जमेस धरावा, कारण तो नसता तर विकत आणावा लागला असता. शेणखताच्या रूपाने त्याचा काही भाग पुन्हा शेतात जातो, ही सेंद्रिय शेतकऱ्याची दुसरी जमा. मालदांडी धान्य आणि कडबा दोन्ही चांगले देते, म्हणून केवळ दाण्याच्या उताऱ्यावर तिची संकरित वाणाशी तुलना करणे चुकीचे ठरते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या भागातील उत्पादकांनी सेंद्रियपणा आणि गावाचे नाव या दोन्हींची किंमत वेगवेगळी मागायला हवी.

भाताच्या बाबतीत पाया चुकीचा धरण्याची चूक फार जण करतात. आजऱ्याचा घनसाळ आणि मुळशीचा आंबेमोहोर यांनाही २०१६ मध्येच मानांकन मिळाले. या तांदळांसाठी साध्या भाताच्या हमीभावावरून (२०२५-२६ मध्ये २,३६९ रुपये) हिशेब करू नये. त्याच वाणाच्या, पण सेंद्रिय नसलेल्या तांदळाचा भाव हाच खरा पाया. गिरणीतून क्विंटलमागे साधारण ६० ते ६५ किलो तांदूळ निघतो असे धरून, कोंडा व कणी यांची किंमत त्यात मिळवावी. गिरणी आधी स्वच्छ करून आपला माल वेगळा काढून घेण्याचे ठरवले नाही, तर दुसऱ्याचा माल मिसळून वर्षाची मेहनत एका घाण्यात वाया जाते. खपली गव्हात वेगळी खबरदारी घ्यावी लागते: भाव टरफलासकट आहे की टरफल काढलेल्या गव्हाचा, हे आधी विचारावे, कारण खपलीचे टरफल मळणीत सुटत नाही आणि दोन्ही भावांत मोठा फरक असतो.

थेट विक्री दिसते तेवढी फायद्याची नसते

आपल्याकडे मार्च ते मे या काळात वर्षाचे धान्य भरण्याची घरोघरची रीत आजही पुष्कळ टिकून आहे. सेंद्रिय गहू पिकवणाऱ्यासाठी ही मोठीच सोय आहे: सुगीच्या ऐन वेळी, मोंढ्यात भाव पडलेले असताना, शहरातले कुटुंब पन्नास किंवा शंभर किलो एकदम घेते आणि साठवणुकीची जोखीम स्वतःकडे नेते. मात्र किलोला ४५ रुपये मिळाले म्हणजे क्विंटलला ४,५०० रुपये मिळाले, असे समजू नये. चाळणी-निवडणीत पाच टक्के घट आली तर हाती ४२.७५ रुपये राहतात. त्यातून निवडणीचे २, पिशवी व छपाईचे २, वाहतुकीचे ४ आणि साठवण व नासाडीचे २ रुपये वजा केले की उरतात ३२.७५ रुपये. म्हणजे क्विंटलला ३,२७५, वर काढलेल्या ३,२६४ रुपयांपेक्षा जेमतेम अकरा रुपये अधिक. घरच्या माणसांचा वेळ तर अजून धरलेलाच नाही. त्यामुळे खळ्यावर कोणी ३,४०० रुपये रोख देत असेल, तर ४५ रुपयांच्या थेट विक्रीपेक्षा तो व्यवहार बरा. थेट विक्री करायचीच असेल तर दर त्याहून वर ठेवावा आणि त्याचे कारण ग्राहकाला हिशेबासह सांगावे. असा हिशेब समजून घेणारा ग्राहक सहसा पुढच्या वर्षीही येतो.

प्रमाणपत्र बाजार पाहून निवडावे

सहभागी हमी पद्धत, म्हणजे पीजीएस, यात गटातले शेतकरी एकमेकांची शेते तपासून हमी देतात; ती कमी खर्चाची असून गटाने मिळून घेता येते, पण ती देशांतर्गत विक्रीपुरती आहे. निर्यातीसाठी अपेडाच्या, म्हणजे केंद्राच्या कृषी निर्यात विकास प्राधिकरणाच्या, देखरेखीखालील राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे, त्रयस्थ संस्थेचे प्रमाणपत्र लागते, आणि प्रत्येक विक्रीचे व्यवहार प्रमाणपत्रही लागते. त्याशिवाय खरेदीदाराला तो माल पुढे सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. अमेरिकेने भारतीय व्यवस्थेला दिलेली मान्यता जानेवारी २०२१ मध्ये संपवली आणि युरोपीय संघाचे नवे नियम २०२२ पासून लागू झाले. म्हणून निर्यातदार आला तर माल कोणत्या देशात जाणार आणि तेथे कोणते प्रमाणपत्र चालते, हे आधी विचारावे. हंगामी पिकांसाठी रूपांतरणाचा, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीकडे वळण्याचा, काळ साधारण दोन वर्षांचा असतो आणि त्या काळात पूर्ण जादा भाव मिळत नाही. या दोन वर्षांचा तोटा पहिल्या पाच वर्षांच्या हिशेबात पसरून धरावा. सगळी जमीन एकदम न बदलता तुकड्या-तुकड्याने बदलणे लहान शेतकऱ्याला अधिक झेपते.

सरकारी निर्णयांचा धक्का सेंद्रिय मालालाही बसतो, कारण पाया हलला की वरचा मजलाही हलतो. १३ मे २०२२ रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली, पुढे साठ्यावर मर्यादा आल्या. बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात जुलै २०२३ पासून सप्टेंबर २०२४ पर्यंत बंद होती. किमान भावाची अट करारात हवी, ती अशाच दिवसांसाठी.

करार आणि साठवण

आमच्या शेतकरी गटाने एका हंगामात तोंडी बोलीवर गहू दिला. माल पोहोचल्यावर खरेदीदाराने किडक्या दाण्याचे कारण पुढे करून भाव उतरवला, आणि दाखवायला आमच्याजवळ एक ओळही लिहिलेली नव्हती. तेव्हापासून आम्ही पेरणीपूर्वी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, कागद करतो. त्यात ओलावा, खडा-माती, फुटका व किडका दाणा यांच्या मर्यादा, नमुना कोणासमोर काढायचा, कीटकनाशकांच्या अंशाची तपासणी कोणाच्या खर्चाने व्हायची, नमुना नापास झाल्यास काय, बारदान व हमाली कोणाकडे आणि पैसे किती दिवसांत, हे सारे असते. अर्धा नमुना दोघांच्या सहीने मोहरबंद करून आपल्याकडे ठेवावा.

भाव चढेपर्यंत थांबायचे असेल तर थांबण्याची किंमत आधी काढावी. ३,२६४ रुपयांच्या गव्हावर महिना एक टक्का दराने पाच महिन्यांचे व्याज १६३ रुपये होते. दोन टक्के घट ६५ रुपयांची आणि पिशवी व जागेचे ४० रुपये धरले, तर एकूण सुमारे २६८ रुपये. भाव त्याहून अधिक वाढेल असे वहीतली मागील वर्षे सांगत असतील तरच थांबावे. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत माल गोदामात तारण ठेवून वार्षिक ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी कर्ज मिळते, त्यामुळे व्याजाचा बोजा निम्म्यावर येतो. पण त्या गोदामात कीड आवरण्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची धुरी देतात का, हे आधी विचारावे. तशी धुरी मिळालेले धान्य सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. गहू कडक उन्हात वाळवून ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आणावा, गार झाल्यावर हवाबंद पिशवीत भरावा, आणि प्रत्येक पिशवीवर शेताचा गट क्रमांक व भरल्याची तारीख लिहावी.