गिझरचं पाणी तापेना? प्लंबरला बोलावण्याआधी या चुका टाळा

थंडीत निफाडचा पारा एक आकडी झाला की नाशिकमध्ये प्लंबरची वेळ मिळणं मुश्किल होतं. मग घाईत आपण फोनवर ‘गिझर गेलाय’ एवढंच सांगतो. समोरचा माणूस येऊन एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) बदलतो, आपण पैसे देतो आणि दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा कोमट. म्हणून पहिली चूक हीच: दोष कुठे आहे हे न बघता माणूस बोलावणं.

आधी दिवा बघा. गिझरचा दिवा लागतच नसेल तर एमसीबी (वीजबोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) किंवा थर्मल कटआउट (जास्त तापल्यावर गिझरची वीज तोडणारा भाग) पडलेला असू शकतो. हे काम इलेक्ट्रिशियनचं. १५ लिटरचा, २००० वॉटचा गिझर थंडीतलं पाणी साधारण २५ मिनिटांत चांगलं कढत करतो. तासभर दिवा जळूनही पाणी गार असेल तर एलिमेंटवर संशय घ्यायला हरकत नाही.

पण गिझर व्यवस्थित तापतोय आणि नळाला मात्र कोमटच येतंय, असं असेल तर घाई करू नका. गिझर बंद करा, त्याच्या इनलेटचा (गार पाणी आत येतं त्या पाइपाचा) अँगल कॉक म्हणजे छोटा नळ पूर्ण फिरवून बंद करा आणि मिक्सरचा फक्त गरम बाजूचा नळ सोडा. पाइपातलं उरलेलं थोडं पाणी येऊन धार थांबली पाहिजे. चालूच राहिली तर गार पाणी दुसरीकडून गरम लाइनमध्ये घुसतंय. कुठल्या तरी मिक्सरचे दोन्ही नळ उघडे ठेवून पाणी फक्त हँडशॉवरच्या बटणाने बंद केलेलं असतं, किंवा डायव्हर्टरचं (पाणी नळाकडे की शॉवरकडे वळवणाऱ्या भागाचं) आतलं कार्ट्रिज झिजलेलं असतं. पहिल्या कारणाला खर्च शून्य, दुसऱ्याला फक्त कार्ट्रिजचा. गिझर खोलायची गरजच नाही. तपासणी झाली की इनलेट उघडा, नळाला सलग धार येऊ द्या, मगच गिझरचं बटण दाबा.

बोअरचं पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांमध्ये एलिमेंटवर क्षारांचा पांढरा थर चढतो. पाणी तापायला वेळ लागतो आणि आतून खरखर आवाज येतो. तिथे टाकी साफ करून घ्या, आणि त्याच वेळी आतला मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड बघायला सांगा. तो झिजून संपला की गंज थेट टाकीला लागतो. एलिमेंट बदलतानाही बरेच जण रॉडकडे बघत नाहीत, हे मला फार खटकतं.

सोलरवाल्यांसाठी एकच गोष्ट: गच्चीवरची टाकी रिकामी पडली असेल तर भर दुपारी सोलरमध्ये पाणी सोडू नका. तापलेल्या काचेच्या नळ्या गार पाण्याने तडकतात. संध्याकाळ उलटून नळ्या निवल्यावर किंवा पहाटे भरा.

गॅस गिझर पेटत नसेल तर आधी सेल बदला. वरच्या मजल्यावर असाल तर पाण्याचा दाबही बघा. मात्र तो बंद बाथरूमच्या आत बसवलेला असेल तर दुरुस्तीआधी जागा बदला. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. अंघोळ करताना डोकं जड होतं, चक्कर येते आणि कडी काढण्याचीही ताकद उरत नाही. ‘खिडकी थोडी उघडी असते की’ म्हणून विषय सोडू नका. गिझर बाहेर मोकळ्या हवेत बसवा. ज्योत निळ्याची पिवळी झाली तर तो वापरणं लगेच थांबवा.

आता पैशांचं. व्हिजिटिंग चार्ज किती आणि काम झालं तर तो मजुरीत धरणार का, हे फोनवरच विचारा. मजुरी आणि सामान वेगवेगळं सांगायला लावा. सामान महाग वाटलं तर जुना पार्ट दाखवून दुकानातून स्वतः आणा. बदललेला पार्ट मागून घ्या. काम झाल्यावर घासाघीस करू नका. भाव ठरवायचा तो पाना लावण्याआधी. आणि गिझर भरून, तापवून, वॉशर व सेफ्टी व्हॉल्व्ह गळत नाही हे दोघांनी मिळून बघेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. चांगला कारागीर याला कधीच नाही म्हणत नाही.

गिझर वॉरंटीत असेल तर बाहेरच्या माणसाला स्क्रूही काढू देऊ नका, आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा. टाकीची वॉरंटी बहुधा एलिमेंटपेक्षा जास्त वर्षांची असते, तेव्हा कार्ड पूर्ण वाचा.