अॅनिमल कॅपवर नॉगिन आणि एफजीएफची चाचणी

झेनोपस लिव्हिस या आफ्रिकी बेडकाच्या भ्रूणाचा वरचा काळसर भाग, म्हणजे अॅनिमल कॅप, कापून वेगळा वाढवला की त्याची त्वचा होते. पेशी एकमेकींना बीएमपी या संदेशवाहक प्रथिनाचा संदेश देत राहतात म्हणून. नॉगिन या प्रथिनाने तो अडवला की त्याच पेशी चेतापेशींच्या वाटेला लागतात.

अंड्यांभोवतीची जेली काढायला ताजे २ टक्के सिस्टीन (एक अमिनो आम्ल) घ्यावे, पीएच ७.८ ते ८. अंडी एकमेकांना चिकटून बसू लागली की लगेच धुवावीत. उशीर झाला तर भ्रूण मऊ पडतात. दोन पेशींच्या अवस्थेत दोन्ही पेशींच्या वरच्या टोकाला नॉगिनचे एमआरएनए (ज्यावरून पेशी ते प्रथिन बनवते) प्रत्येकी ५ नॅनोलिटर टोचावे. भ्रूणामागे २५, ५० आणि १०० पिकोग्रॅम अशा मात्रा तपासाव्यात. सोबत नुसते पाणी टोचलेले भ्रूणही ठेवावेत.

खरी कसोटी कापण्यात आहे. २२-२३ अंशांवर फलनानंतर ५ ते ७ तासांनी, भ्रूणविकासाच्या आठव्या-नवव्या अवस्थेत, अॅगरोजचा (मऊ जेलचा) थर घातलेल्या ताटलीत चिमट्याने आवरण सोलून केसापासून बनवलेल्या सुरीने ०.३ ते ०.४ मिलिमीटरचा चौकोन काढावा. भ्रूण जेमतेम १.३ मिलिमीटरचा, त्यामुळे मोह आवरावा: तुकडा मोठा झाला की कडेच्या पट्ट्यातल्या पेशी येतात आणि त्यांच्यापासून मध्यस्तर (स्नायू वगैरे घडवणारा थर) तयार होतो. कडेला फिकट, मोठ्या पेशी दिसल्या तर तुकडा टाकून द्यावा. माध्यमात कॅल्शियम हवेच. ते नसेल तर पेशी सुट्या होतात, बीएमपी विरून जाते आणि नॉगिनशिवायच चेतापेशी बनतात.

एफजीएफ या वाढ-घटकाचे प्रथिन द्यायचे असल्यास माध्यमात ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रथिन) घालावे, नाहीतर ते प्लास्टिकला चिकटते. कॅपची आतली बाजू वर ठेवावी. कॅप लवकरच गुंडाळते आणि बाहेरच्या थरातून प्रथिन आत शिरत नाही. आठव्या अवस्थेत ५०-१०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर एफजीएफ मध्यस्तरच घडवते. मग दिसणाऱ्या चेतापेशी त्या मध्यस्तरामार्फत आलेल्या असू शकतात. म्हणून थेट परिणाम पाहायचा तर १०.५ अवस्थेत कापलेली कॅप घ्यावी. नुसत्या नॉगिनने पुढच्या मेंदूचे ओटीएक्स२ हे जनुक दिसते, एफजीएफ जोडल्यावर मागच्या भागाचे हॉक्सबी९ हे जनुक.

सोबतचे अखंड भ्रूण विसाव्या अवस्थेला पोहोचले की नमुन्यामागे १०-१५ कॅप गोळा करून एनकॅम (चेतापेशींची खूण) आणि स्नायूंचे अॅक्टिन (मध्यस्तराची खूण) यांचा आरएनए तपासावा. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारे विकर) न घातलेला नमुना सोबत चालवावा. अॅक्टिन दिसले तर एनकॅम कितीही ठळक असले तरी तो नमुना थेट परिणामाचा पुरावा धरू नये.