अलर्ट रात्री वाजायचा, दिवसा झोपायचा

सर्व्हर नीट चालतोय का हे पाहणारं मॉनिटरिंग लावताना मी एकच नियम ठेवला होता: सरासरी रिस्पॉन्स टाइम (रिक्वेस्टला उत्तर यायला लागणारा वेळ) ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला की अलर्ट. ५०० का? आकडा गोल दिसला म्हणून! रात्री बॅकअप सुरू झाला की फोन केकाटायचा. दिवसा लोक 'लॉगिन अडकतंय' म्हणून ओरडायचे, तेव्हा डॅशबोर्ड हिरवागार.

घोळ सरासरीत होता. १०० पैकी ९५ रिक्वेस्ट १०० मिलिसेकंदांत आल्या आणि ५ रिक्वेस्टना ४-४ सेकंद लागले, तर सरासरी येते २९५. म्हणजे पाच जण ताटकळले तरी अलर्ट गप्पच. सरासरीऐवजी ९९वा पर्सेंटाइल (१०० पैकी ९९ रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत पूर्ण होतात तो आकडा) लावला, तर तो सरळ ४ सेकंद दाखवतो.

मग दोन आठवड्यांचा डेटा काढला आणि लॉगिन, सर्च, रिपोर्ट यांना वेगवेगळ्या मर्यादा दिल्या. रिपोर्टला वेळ लागणारच, त्याला लॉगिनच्या मापाने कशाला मोजायचं? नेटवर्कचा राउंड ट्रिप टाइम (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ) आणि सर्व्हरचा वेळही वेगळा केला, नाहीतर दोन्ही टीम एकमेकींकडे बोट दाखवत बसतात.

सलग ५ मिनिटं मर्यादा ओलांडली तरच अलर्ट, आणि तो शांत होण्याची मर्यादा थोडी खाली. नाहीतर काठावर चालू-बंद, चालू-बंद सुरू राहतं.

तरी रात्री एकदा वाजलाच. पाहिलं तर त्या वेळात जेमतेम दहा रिक्वेस्ट, त्यात एक मंद. इतक्या कमी रिक्वेस्टमध्ये ९९वा पर्सेंटाइल म्हणजे तीच एक! आता किमान रिक्वेस्टची अटही घातली आहे.